पिवळ्या कानाच्या गाड्या

भोंगा तिसऱ्यांदा दुकानात आला तेव्हा त्याने हाय-हॅलो काहीच केलं नाही. काखेतला अ‍ॅम्प्लिफायर काउंटरवर आदळला आणि गरजला, "घ्या! तुमचं लाडकं लेकरू परत आणलंय!"

भोंगा हे नाव त्याला आवाजामुळे चिकटलं होतं. तो कानात कुजबुजला तरी पलीकडच्या चपलांच्या दुकानातली बाई मान वर करून बघायची. बालवाडीची मुलं ने-आण करणारी व्हॅन तो चालवायचा. वाटेत मुलांनी रडारड करू नये, गाणी-गोष्टी ऐकत रमावं, म्हणून त्याने हौसेने गाडीत मोठी साउंड सिस्टिम बसवून घेतली होती. बसवली ती याच दुकानातून, आणि बसवल्यापासून ती कधी धड चार दिवस सलग वाजली नव्हती.

दुकान दोघा भावांचं होतं. थोरला काउंटर सांभाळायचा. धाकटा समोरच्या अंगणात गाड्यांमध्ये स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर बसवायचा. आणि आतल्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलाशी, थोरल्याची बायको बिघडलेले अ‍ॅम्प्लिफायर उघडून बसायची. दिराचं ऐकून ऐकून अख्खी गल्लीच तिला वहिनी म्हणायला लागली होती. लग्नाआधी ती रेडिओच्या कारखान्यात होती. हातात सोल्डरिंग आयर्न आलं की तिला जेवणाचीही आठवण राहायची नाही. गाड्या दिराच्या आणि टेबल वहिनीचं, अशी वाटणी कोणी बसून केली नव्हती, ती आपोआप पडून गेली होती.

"यात मी काय करू?" धाकट्याने खांदे उडवले. "मी नुसता बसवतो. दुरुस्तीचं खातं वहिनींचं."

"मग वहिनींना विचारा, दोनदा दुरुस्त केलेला डबा तिसऱ्यांदा कसा मरतो? गाडी चालू केली की लाल दिवा! लोक म्हणतात ते खरंच असणार, पार्ट डुप्लिकेट टाकतात इथे."

आतल्या खोलीत वहिनीच्या हातातली पक्कड थांबली. "कोण लोक म्हणतात?" ती दारात येऊन उभी राहिली.

भोंग्याने तिच्याकडे बघितलं, मग नकळत धाकट्याकडे. धाकटा एकदम वायरचं भेंडोळं गुंडाळायच्या कामाला लागला.

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पहिल्या खेपेला या अ‍ॅम्प्लिफायरमधले जळालेले ट्रान्झिस्टर तिने बदलले होते. दुसऱ्या खेपेला पुन्हा तेच जळाले, तेव्हा अस्सल माल मिळावा म्हणून ती स्वतः गावाच्या दुसऱ्या टोकाच्या बाजारात जाऊन आली होती. आणि घरचाच माणूस गिऱ्हाइकाच्या कानात डुप्लिकेटचं विष ओतत होता! पण गिऱ्हाइकासमोर घरचं भांडण नको म्हणून तिने ओठ घट्ट मिटले, अ‍ॅम्प्लिफायर उचलला आणि आत नेला.

टेबलावर तिने त्याला वीज दिली, दोन स्पीकर जोडले. हिरवा दिवा लागला. आवाज वाढवला, आणखी वाढवला. खिडकीची काच थरथरायला लागली, वरून डबा कोमट झाला, पण दिवा हिरवाच. झाकण काढून तिने आतला एकेक पार्ट मीटरने तपासला. या वेळी काहीसुद्धा जळालेलं नव्हतं.

"अ‍ॅम्प्लिफायर ठणठणीत आहे," ती बाहेर येऊन म्हणाली.

"म्हणजे मी खोटारडा?"

"तसं नाही, दादा. दुखणं याच्यात नसेल तर गाडीत असेल. गाडी आणलीय का?"

"ही काय, दाराशी."

"गाडीत काय बघायचंय?" धाकटा पटकन मध्ये पडला. "फिटिंग मी स्वतः केलंय."

"भाऊजी, तुम्ही माझ्या कामावर संशय घेतलात तेव्हा मी तुम्हाला अडवलं का?"

होलसेलवाल्याकडे जायचंय म्हणत धाकट्याने स्कूटर काढली आणि निघून गेला. थोरला काउंटरमागून म्हणाला, "अगं, जाऊ दे ना. नवीन अ‍ॅम्प्लिफायर देऊ त्यांना आणि विषय संपवू." वहिनीने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने पुढचं वाक्य गिळून टाकलं.

व्हॅनच्या मागच्या भागात मुलांसाठी सीट काढून जाड गालिचा अंथरला होता. त्यावर एक विसरलेला छोटा मोजा पडला होता. वहिनी गुडघ्यांवर बसली आणि अ‍ॅम्प्लिफायर जागेवर जोडला. भोंगा पुढे जाऊन सीटवर बसला आणि त्याने किल्ली फिरवली. लाल दिवा.

"बघा! मी सांगत होतो ना!"

"थांबा. तो बिघडलेला नाही, त्याने स्वतःला वाचवायला काम बंद ठेवलंय. कशाला घाबरलाय तेवढं शोधायचं."

तिने सगळ्या स्पीकरच्या वायरी सोडवल्या. दिवा हिरवा झाला. मग एकेक वायर परत जोडत गेली. मागचा डावा जोडला, हिरवा. मागचा उजवा, हिरवा. पुढचा डावा, हिरवा. पुढचा उजवा जोडला आणि क्षणात लाल. त्या वायरीला मीटरचं एक टोक लावून दुसरं तिने गाडीच्या उघड्या पत्र्याला टेकवलं. मीटर पीं करून ओरडला. वायर कुठेतरी पत्र्याला चिकटली होती.

"दादा, जरा खाली उतरा."

भोंगा उतरला. मीटर गप्प झाला.

"आता बसा परत. नेहमी बसता तसे."

त्याने सीट मागे सरकवली आणि अंग टाकलं. पीं!

सीटखाली हात घालून वहिनीने वायर ओढून काढली. सीट ज्या लोखंडी पट्टीवरून मागेपुढे सरकते, नेमकी तिच्याखालून ती वायर नेलेली होती. घासून घासून आतलं तांबं उघडं पडलं होतं.

"तुम्ही बसलात की वायर चिरडते. आवाज जोरात असताना असं होत राहिलं म्हणून आतले पार्ट दोनदा जळाले."

"म्हणजे दोष माझ्या वजनाचा?"

"छे! ज्याने वायर इथून नेली त्याचा."

वायरीचं निदान झालं, आणि वहिनीला वाटलं, सुटले. आपलं काम चोख होतं. आता दीर परत आला की त्याला गिऱ्हाइकासमोर हे कबूल करायला लावायचं, बस्स. पण मग तिच्या मनात आलं की एक वायर अशी टाकली असेल तर बाकीच्यांचं काय? म्हणून तिने बॉनेट उघडायला लावलं.

बॅटरीपासून अंगठ्याएवढी जाड लाल केबल निघाली होती. ती पत्र्याच्या भोकातून आत शिरून गालिच्याखालून थेट मागे अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत जात होती. अशा केबलला बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज लागतो. वाटेत केबल घासून पत्र्याला लागलीच, तर फ्यूज उडतो आणि गाडी वाचते. वहिनीने केबलवरून बोट फिरवत नेलं, भोकापर्यंत. फ्यूज नव्हता. केबल धारेवर घासू नये म्हणून भोकाला बसवतात ते रबरी बुशही नव्हतं. पत्र्याच्या धारेने केबलचं लाल आवरण अर्धं कापलं गेलं होतं आणि आत तांबं चकाकत होतं.

तिने आधी पाना घेऊन बॅटरीची जोडणी सोडवली. मग ती नवऱ्याला हाक मारायला गेली.

थोरल्याने बॉनेटमध्ये वाकून बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. भोंगा चार पावलांवर उभा होता म्हणून तो हळू आवाजात म्हणाला, "बापरे. बरं झालं दिसलं ते. आता असं करू, गुपचूप नीट करून टाकू."

"गुपचूप?"

तेवढ्यात धाकट्याची स्कूटर अंगणात शिरली. उघडं बॉनेट बघूनच त्याने काय ते ओळखलं.

"फ्यूजचे होल्डर संपले होते हो," कोणी काही विचारायच्या आत तो म्हणाला. "त्या आठवड्यात केवढी गर्दी होती! नंतर टाकणारच होतो."

"बाकीच्या गाड्यांत?" वहिनीने विचारलं.

"आजवर एका तरी गाडीला काही झालंय का?"

वहिनी सरळ अंगणाच्या कोपऱ्यात गेली. तिथे एक जुनी बॅटरी चार्जिंगला लावलेली होती. तिने भंगारातला गालिच्याचा तुकडा जमिनीवर पसरला, तसल्याच लाल केबलचा हातभर तुकडा त्यावर ठेवला आणि एक टोक बॅटरीला आवळलं. वाळूची बादली जवळ ओढली. जाड हातमोजे चढवले, लांब दांड्याच्या पकडीत केबलचं दुसरं टोक धरलं.

"मागे व्हा सगळे," ती म्हणाली आणि ते टोक बॅटरीच्या दुसऱ्या खुंटीला टेकवलं.

फाडकन ठिणगी उडाली. लाल आवरणाला फोड आले, मग ते मेणासारखं ओघळलं. काळा, घशाला झोंबणारा धूर निघाला. गालिच्याचा तुकडा केबलभोवती आक्रसला आणि त्याच्या कडेने ज्योत धावली. धाकट्याने तोंड उघडून मिटेपर्यंत हे सगळं घडून गेलं. तिने पक्कड झटकून केबल तोडली आणि वाळू ओतली.

चपलांच्या दुकानातली बाई नाकाला पदर लावून रस्त्यापलीकडे उभी होती.

"माझी पोरं," भोंगा म्हणाला, आणि त्याचा आवाज इतका खाली गेला होता की ऐकायला थोरल्याला पुढे वाकावं लागलं. "माझी पोरं त्या गालिच्यावरच बसतात."

तो दुकानाच्या पायरीवर बसला. त्याने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं असं सगळ्यांनाच वाटलं.

वहिनी दिराकडे वळली. लग्न होऊन आली तेव्हापासून ती त्याला अहो-जाहो करत आली होती. आता तिच्या तोंडून ते निघेना. "किती गाड्या? किती गाड्यांत असं करून ठेवलंस तू?"

"मोजल्या नाहीत."

"मोजल्या नाहीत! आणि वर मलाच नाव ठेवत फिरलास? मी पार्टसाठी उन्हातान्हात वणवण करायची, शिव्या मी खायच्या, आणि तू चार पैशांच्या होल्डरपायी लोकांच्या मुलाबाळांच्या बुडाखाली आग ठेवून दिलीस?"

"अगं, हळू बोल," थोरला कळवळून म्हणाला. "रस्त्यावर लोक आहेत."

"लोक आहेत म्हणूनच ओरडतेय! गाड्या त्यांच्याच आहेत!"

"हे बघ, जसजसे येतील तसतसे फ्यूज टाकत जाऊ. कुणाला कळायचंही नाही. गवगवा झाला तर दुकानाला टाळं लागेल."

"आणि जे येणारच नाहीत ते? ज्यांच्या गाडीत गाणी झकास वाजतायत, ते कशाला येतील आपल्याकडे? त्यांनी कधी यायचं? पेटल्यावर?"

वहिनीला दिराचा राग आला होताच, पण नवऱ्याच्या त्या 'गुपचूप'ने तिच्या काळजाला जो ओरखडा काढला तो वेगळाच होता. दिराने निदान आळस केला होता. नवरा मात्र सगळं दिसत असताना, समजत असताना डोळ्यांवर कातडं ओढायला निघाला होता.

ज्यांचे नंबर फोनमध्ये होते त्यांना तिने तिथेच उभ्या उभ्या फोन लावले. पण बहुतेक गिऱ्हाईक ओळखीपाळखीतून आलेलं. नाव नाही, पत्ता नाही. त्यांना गाठायचं कसं? तेव्हा तिला स्टिकर आठवले. धाकट्याने हौसेने छापून घेतलेले, भला मोठा पिवळा कान काढलेले. बसवलेल्या प्रत्येक गाडीच्या मागच्या काचेवर तो आपल्या हाताने ते चिकटवायचा, जाहिरात म्हणून.

भोंगा पायरीवरून उठला. "मुलं पोचवून झाली की मी मोकळाच असतो. माझ्या गाडीचं काम आधी करा. मग आपण दोघं जाऊ."

वहिनीने व्हॅनमध्ये स्वतःच्या हाताने फ्यूज टाकला, भोकाला बुश बसवलं, केबल आणि वायर नवी ओढली. दुसऱ्या दिवसापासून ती दोघं पेट्रोल पंपाजवळच्या सिग्नलला उभी राहायला लागली. तिथून सगळ्या गावाची रहदारी जायची. पिवळा कान दिसला की भोंगा फुटपाथवरून हाळी द्यायचा, "ओ पिवळा कान! गाडी बाजूला घ्या!" त्या आवाजाने न केलेल्या गुन्ह्याची कबुली द्यावी तशी माणसं मुकाट बाजूला घ्यायची. काही जण घाबरायचे, काही हसायचे. एका टायवाल्या गृहस्थाने खिडकी बोटभर खाली करून सुनावलं, "माझी सिस्टिम उत्तम वाजतेय. धंदा होत नाही म्हणून रस्त्यावर उतरलात का?" आणि काच वर घेतली. सिग्नल सुटला. वहिनी पदर खोचून चपलांनिशी त्याच्यामागे पळाली, पुढच्या सिग्नलला गाठलं आणि काचेवर थापा मारून ओरडली, "अहो, शिव्या नंतर द्या, आधी बॉनेट उघडा!"

त्याने उघडलं. बघितलं. मग मुकाट्याने टाय सैल करत गाडी दुकानाच्या दिशेने वळवली.

अंगणात रांग लागली. जवळजवळ सगळ्याच गाड्यांत तीच तऱ्हा. थोरला चहा पाजत, हात जोडत लोकांची समजूत घालत होता. धाकटा स्टुलावर बसून मोबाइल चाळत होता. "एवढा बाऊ करायचं काही कारण नव्हतं," असं तो दोनदा म्हणाला. दुसऱ्यांदा कोणी त्याच्याकडे बघितलंही नाही.

मग एक तरुण बाई आली, कडेवर वर्षाच्या आतलं बाळ. "गाडीत कसला तरी वास येतो हल्ली," ती म्हणाली. "आमच्या घरात सगळे म्हणतात, बाळाचं दूध सांडलं असेल."

मागच्या सीटवर बाळाची खुर्ची पट्ट्यांनी बांधलेली होती. वहिनीने खुर्चीखालचा गालिचा उचकटला आणि ती तशीच थांबली.

"भाऊजी, इकडे या," ती म्हणाली. या वेळी तिचा आवाज शांत होता.

तो कंटाळत उठला, आला, वाकला. गालिच्याच्या खालच्या बाजूला केबलच्या मार्गाने काळा पट्टा उमटला होता. आतला फोम वितळून दगडासारखा कडक झाला होता. वर, बरोबर त्या जागी, बाळाच्या खुर्चीचा आधाराचा पाय टेकत होता. धाकट्याने तिथे बोट लावलं आणि बोटावर काजळी आली. तो तसाच टाचांवर बसून राहिला. चेहऱ्यावरचं रक्त कुणीतरी शोषून घेतल्यासारखं झालं होतं.

"वहिनी, मला खरंच..."

"मला नको सांगूस. यांना सांग."

त्याला उठून उभं राहावं लागलं. "ताई, ही चूक माझी आहे," तो म्हणाला. "इथे फ्यूज लागतो. मी बसवला नव्हता. माहीत असून बसवला नव्हता."

बाईने ते शांतपणे ऐकून घेतलं. काळ्या पट्ट्याकडे बघितलं, मग बाळाकडे. आणि मग तिने असा काही आवाज चढवला की भोंगासुद्धा दोन पावलं मागे सरला. धाकटा खाली मान घालून सगळं ऐकत उभा राहिला. थोरला मध्ये पडायला निघाला, तर वहिनीने त्याचा हात धरला. "ऐकू दे त्याला."

त्या दिवसानंतर धाकटा स्टुलावर बसला नाही. येईल ती गाडी तो स्वतः उघडत गेला. नीट केलं की काचेवरचा पिवळा कान खरवडून काढायचा, गाडीवाल्याला बोलावून दाखवायचा आणि काय केलं नव्हतं ते आपल्या तोंडाने सांगायचा. पण वहिनीचा राग काही उतरला नाही. कामापुरतं बोलायची, तेही तुटक. नवऱ्याशी तर तेवढंही नाही. "मी काय एवढं वाईट बोललो?" असं थोरल्याने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तुम्हाला अजून विचारावं लागतंय, हेच."

गवगवा व्हायचा तो झालाच. नवीन गिऱ्हाईक आटलं. पिवळा कान दिसणं बंद झाल्यावर एका संध्याकाळी धाकटा हत्यारं पुसून ठेवत म्हणाला, "आता इथे मला कोण गाडी देणार?"

"मी तरी देणार नाही," वहिनी म्हणाली.

त्याने बायपासवरच्या एका मोठ्या शोरूममध्ये नोकरी धरली. काचेची दारं, थंडगार हवा, गणवेश. थोरला हळहळला. वहिनी आपल्या टेबलाशी जाऊन बसली.

काही आठवडे गेले. एक दिवस जेवायच्या सुट्टीत तिचा फोन वाजला.

"वहिनी, इथे पण फ्यूज टाकत नाहीत."

वहिनी सोल्डर करत होती. तिने सोल्डरिंग आयर्न खाली ठेवलं. "मग? मला कशाला सांगतोस?"

"मॅनेजरला बोललो. तो म्हणतो, गिऱ्हाइकाला दिसत नाही त्यावर खर्च करायचा नसतो. एवढ्या मोठ्या दुकानात! बाहेर चकाचक सोफे ठेवलेत आणि..." त्याचा श्वास वर चढला होता. "दिसत नाही म्हणे! अहो, खाली माणसं बसतात!"

"ओरडतोस कशाला? मी बहिरी नाही."

"तुम्ही काय केलं असतं?"

"ते तुला ठाऊक आहे."

फोन कट झाला. दुपार कलायच्या आत तो गणवेशातच अंगणात येऊन उभा राहिला, घामाने डबडबलेला. शोरूमच्या दारात उभा राहून त्याने आत बसलेल्या सगळ्या गिऱ्हाइकांना आपापली बॉनेटं उघडून बघायला सांगितलं होतं. रखवालदाराने दंड धरून बाहेर काढेपर्यंत तीन जणांनी उघडलीही होती.

"काय नालायक माणसं आहेत!" तो अजून धुमसत होता. "काय निर्लज्ज माणसं!"

थोरल्याने बायकोकडे बघितलं. तिने अंगणात उभ्या असलेल्या एका निळ्या गाडीकडे बोट दाखवलं. तिच्यात मागे दोन स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर बसवायचा होता. धाकट्याने गणवेशाचा शर्ट काढून खुंटीला टांगला आणि बनियनवर कामाला लागला.

काम संपवून त्याने बॉनेट पाडलं. वहिनी आली आणि तिने ते परत उघडलं. फ्यूजचा होल्डर उघडून बघितला, बुशमध्ये नख घालून बघितलं, सीट मागेपुढे सरकवून मीटर लावला.

धाकटा हाताची घडी घालून बघत होता. "अजून विश्वास नाही?"

"नाही," वहिनी म्हणाली, आणि केबलला एक जोरदार हिसका दिला.